कपाटातील पडून राहिलेला माल

मार्चअखेर जवळ आली की व्यापारी घरांत एक काम कधी चुकत नाही. दुकानातील आणि गोदामातील माल मोजला जातो. कोणता माल किती आला, किती गेला, किती शिल्लक राहिला आणि त्या शिल्लकीतील कोणता माल गेल्या दोन हंगामांत जागचा हललाच नाही, याची यादी होते. न हललेल्या मालाविषयी व्यापाऱ्याच्या मनात कसलाही भ्रम नसतो. त्यात भांडवल अडकले आहे, त्याने जागा अडवली आहे आणि दर महिन्याला त्याची किंमत उतरते आहे, हे तो जाणतो. म्हणून प्रसंगी खरेदीच्या भावाखाली तो माल देऊन मोकळा होतो. हाच व्यापारी संध्याकाळी घरी येऊन ज्या कपाटासमोर उभा राहतो, त्या कपाटातील मालाची मोजदाद मात्र त्याने किंवा घरातील कोणीही बहुधा एकदाही केलेली नसते.

हा माल घरात कोठून येतो, ते पाहण्यासारखे आहे. लग्नाचा बस्ता निघतो तेव्हा नवरा-नवरीबरोबर साऱ्या घराची खरेदी होते. आहेर येतो, मायऱ्याच्या साड्या येतात, तपाच्या पारण्याला तपस्व्याचा सन्मान म्हणून वस्त्रे दिली जातात, दिवाळी असते आणि वर्षातून दोनदा लागणारा सेल असतो. यांतील आहेराच्या साडीची गोष्ट सर्वांत विलक्षण. देणाऱ्याने ती स्वतःच्या आवडीने निवडलेली नसते. घेणारीला ती नेसायची नसते. घडी न मोडता ती पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जाते, तेथून तिसऱ्या घरी. कधी कधी ती मूळ घरी परतही येते, आणि तेव्हा होणाऱ्या हसण्यात थोडी लाजही मिसळलेली असते. अशा साड्यांवर वर्षानुवर्षे खर्च होत राहतो, पण त्या कोणाच्याही अंगाला लागत नाहीत.

व्यापाऱ्याच्या भाषेत हिशेब मांडायचा तर तो असा. समजा, एका कपाटात ९० साड्या आहेत आणि त्यांची सरासरी किंमत १,५०० रुपये आहे. एकूण १,३५,००० रुपयांचा माल झाला. त्यांतील ३५ साड्या गेल्या दोन वर्षांत एकदा तरी नेसल्या गेल्या. ५५ जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे ८२,५०० रुपये त्या फळ्यांवर अडकून आहेत. हीच रक्कम बाजारातून १२ टक्क्यांनी उचलली असती, तर वर्षाला ९,९०० रुपये व्याज पडले असते. हे एका व्यक्तीचे, एका कपाटाचे गणित. एकत्र कुटुंबात अशी कपाटे चार-पाच असतात, आणि पुरुषांची कपाटे या बाबतीत निर्दोष असतात अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. पोट सुटल्यामुळे न येणाऱ्या पँटी, एकेका रिसेप्शनला शिवलेले सूट आणि भेट आलेले शर्टपीस मोजून पाहिले की ते ध्यानात येते.

दुसरा हिशेब प्रत्येक वापराचा. १२,००० रुपयांचा लेहंगा एकदाच घातला गेला, तर त्या एका संध्याकाळची किंमत १२,००० रुपये. ९०० रुपयांची सुती साडी ६० वेळा नेसली गेली, तर एका नेसण्याला १५ रुपये पडले. स्वस्त काय आणि महाग काय, याचा निर्णय दुकानातल्या चिठ्ठीवरून होत नाही. तो कपाटातून वस्त्र किती वेळा बाहेर आले यावरून होतो. सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतलेली आणि कधीच न नेसलेली साडी या हिशेबात सर्वांत महाग ठरते.

परिग्रहाच्या मर्यादेचा विचार जैन परंपरेत नेहमीच मोजणीपासून सुरू झाला आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र, वास्तू, सुवर्ण, धन, धान्य यांच्या बरोबरीने ‘कुप्य’ मोजले आहे, आणि कुप्यात रेशमी व सुती वस्त्रे येतात असे टीकाकार सांगतात. म्हणजे शेत आणि सोने यांची मर्यादा ठरवताना वस्त्रे ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलेली नाहीत.

उपासकदशांग या श्वेतांबर आगमात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. ती व्यापारी कुटुंबांनी पुन्हा एकदा हिशेबाच्या नजरेने वाचावी अशी आहे. आनंदाकडे चार कोटी हिरण्य कोषात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरच्या सरंजामात होते. भगवान महावीरांसमोर श्रावकाची व्रते घेताना त्याने या तिन्ही रकमांची मर्यादा जाहीर केली, आणि मग तो बारीक गोष्टींकडे वळला. दातवण कोणते, अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दागिने कोणते, हे एकेक करून त्याने ठरवले. वस्त्रांच्या बाबतीत त्याने क्षौम वस्त्रांची एक जोडी ठेवली आणि बाकी साऱ्यांचा त्याग केला. व्यापारातील चार कोटी मात्र त्याने व्यापारातच ठेवले. बारा कोटींच्या धन्याने अंगपुसण्याचीसुद्धा नोंद करावी, यात कंजूषपणा शोधणाऱ्याला त्या कथेचा अर्थ कळला नाही असेच म्हणावे लागेल. कथेतील आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. आनंदाने घरी येऊन पत्नी शिवानंदेला सांगितले, तेव्हा तिच्या वतीने त्याने परस्पर काही ठरवले नाही. ती स्वतः भगवंतांकडे गेली आणि तिने आपली व्रते आपण घेतली.

आजच्या घरांत हे काम बिघडते ते बहुधा याच ठिकाणी. एखाद्या रविवारी उत्साहाच्या भरात कोणीतरी दुसऱ्याचे कपाट उपसतो. सासूबाई सुनेच्या साड्या काढतात, सून सासूबाईंच्या काढते, मुलगा वडिलांचे जुने कोट परस्पर देऊन टाकतो. नंतर कळते की त्यातला एक कोट आजोबांनी दुकानाच्या उद्घाटनाला घातला होता. त्यातून उद्भवणारा रुसवा कित्येक वर्षे टिकतो. अनेक स्त्रियांच्या बाबतीत साड्या हीच निर्विवादपणे त्यांची म्हणता येईल अशी मालमत्ता असते. दागिने लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली दुसऱ्याकडे, बँकेचे खाते कागदावर. कपाट तेवढे हाताशी. तेथे दुसऱ्याचा हात पडला की जे दुखावते ते साडीहून मोठे असते. म्हणून ज्याचे कपाट त्याने मोजावे, आणि घरातील कर्त्या पुरुषाने आपल्या कपाटापासून आरंभ करावा.

मोजणीसाठी परंपरेत एक साधन तयारच आहे. अनेक श्रावक-श्राविका रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यांत दिवसभरात किती वस्त्रे वापरणार याचा नियम असतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही काळाची मर्यादा घालून घेण्याच्या भोगोपभोगांत वसनाचा समावेश आहे. हा आकडा मनात धरण्याऐवजी महिनाभर वहीत लिहिला आणि त्यापुढे त्या दिवशीच्या वस्त्राचे नाव टाकले, तर महिन्याच्या शेवटी घरातील प्रत्येकाला आपल्या खऱ्या गरजेचा आकडा मिळतो. बहुतेकांना तो अपेक्षेपेक्षा फार लहान वाटतो. सण, लग्नकार्य, पूजेची वस्त्रे आणि थंडी-पावसाचे कपडे यांची भर घातली, तरी कपाटाचा मोठा भाग त्या यादीबाहेरच राहतो. वही नको असेल, तर कपाटातील सारे हँगर एका दिवशी उलटे अडकवावेत आणि वापरलेले वस्त्र परत ठेवताना हँगर सुलटा करावा. सहा महिन्यांनी जे उलटे राहतील ते बोलतातच.

साठवणीला हिंसेचीही एक बाजू आहे. वर्षानुवर्षे न उघडलेल्या ट्रंकेत कसर होते, झुरळे होतात. त्यांचा बंदोबस्त म्हणून डांबरगोळ्या येतात, फवारे येतात. जे घर पाणी गाळून पिते आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्याच घरातील ट्रंकेत जीवांची उत्पत्ती आणि घात दोन्ही चाललेले असतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि लवंगा यांनी कीड दूर राहण्यास मदत होते. तरीही हवा लागणारे, हाताळले जाणारे आणि कमी वस्त्रांचे कपाट याहून चांगला उपाय नाही.

आता बाहेर काढलेल्या वस्त्रांचे काय करावे? येथे दोन समजुती दूर करणे आवश्यक आहे. पहिली अशी की जुने कपडे विकून बरीच रक्कम येईल. ती येत नाही. भारी लेहंगे, शेरवान्या आणि मोजकी चांगली रेशमी वस्त्रे सोडली, तर जुन्या कपड्याला मिळणारा भाव त्याच्या खरेदीच्या मानाने नगण्य असतो. मालाचा आजचा भाव हाच खरा भाव, हे दुकानात कळणारे सत्य घरात पचवणे जड जाते. दुसरी समजूत अशी की दिलेले काहीही कोणाला तरी उपयोगी पडतेच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. ज्यांचे सर्वस्व वाहून गेले, त्यांनीसुद्धा ते घेतले नाहीत. कारण देणाऱ्यांनी समोरच्या माणसाचा विचार न करता आपले कपाट रिकामे केले होते.

जुन्या कपड्यांची सर्वांत जुनी आणि जाणती वाट दारावर येणाऱ्या बोहारणीची. स्टीलची पातेली, डबे, प्लास्टिकचे टब घेऊन ती येते आणि कपड्यांच्या बदल्यात देते. मुंबई-पुण्यात या व्यवसायातील अनेक स्त्रिया मूळच्या गुजरातमधील वाघरी, म्हणजेच देवीपूजक समाजाच्या आहेत. शर्ट-पँट वेगळे, सुती वेगळे, जरीचे वेगळे अशी तिची पारख पक्की असते. गोळा केलेला माल धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुढे विकला जातो. दिल्लीच्या रघुबीर नगरात याच समाजाचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे उजाडण्याआधी भरतो. त्याला घोडा मंडी म्हणतात. तेथून कपडे मजूर वस्त्यांतील बाजारांत जातात, आणि रेशमी साड्यांचे उशांचे अभ्रे व परदेशी पर्यटकांसाठीचे कपडे होतात. लुसी नॉरिस या अभ्यासिकेने या साखळीवर २०१० मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे.

बोहारीण हीसुद्धा व्यापारीच आहे, याचा विसर व्यापारी घरांना पडू नये. तिचे भांडवल डोक्यावर असते आणि माल उधारीवर उचललेला असू शकतो. दिवसभर घासाघीस करणारी गृहिणी एका पातेल्यासाठी तिच्याकडून आणखी दोन पँटींची सूट मागते, तेव्हा तिचा त्या दिवसाचा नफा जातो. आता तर सोसायटीच्या फाटकावरच तिला अडवले जाते. जुन्या वस्त्राला नवा मालक मिळवून देणारी ही साखळी टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी महिन्यातील एक दिवस ठरवून तिला आत येऊ द्यावे.

देणगी द्यायची असेल तर ती विचारून द्यावी. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने या बाबतीत एक वेगळी दृष्टी दिली. शहरातून आलेले कपडे निवडून, दुरुस्त करून ती खेड्यांत पाठवते. तेथील लोक विहीर, तळे, रस्ता अशी स्वतःच्या गावाची कामे करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणारा याचक राहत नाही. निरुपयोगी ठरलेल्या सुती कापडापासून मासिक पाळीच्या काळात वापरण्याच्या घड्या तयार होतात. अंशू गुप्ता यांना २०१५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातील वसतिगृह, वृद्धाश्रम, पांजरपोळ यांच्याकडेही जुन्या चादरी व उबदार कपडे जाऊ शकतात; पण आधी दूरध्वनी करून काय हवे आणि किती हवे ते विचारावे. कपडे धुतलेले असावेत, गुंड्या जागेवर असाव्यात, परकरात आणि पायजम्यात नाडी ओवलेली असावी. ब्लाउज साडीबरोबर बांधलेला असावा. दानाच्या गाठोड्यात फाटकी अंतर्वस्त्रे कोंबणे हा घेणाऱ्याचा अपमान आहे. चौका-चौकांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहते, तिच्या पायथ्याशी पावसात भिजलेल्या कपड्यांचा चिखल होतो, तेथे कपडे टाकून येण्यापेक्षा बोहारीण बरी. कपडे देऊन प्राप्तिकरात वजावट मिळेल ही अपेक्षाही ठेवू नये. ती वजावट पैशाच्या रूपातील देणगीला असते, वस्तूंना नसते.

जे अंगावर घालण्याजोगे उरले नाही, त्यालाही वाटा आहेत. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी होते, आणि गोधडी शिवणाऱ्या स्त्रीला त्या कामाची पूर्ण मजुरी द्यावी. सिंथेटिक साडीची गोधडी मात्र उबेला कमी आणि सरकायला पुढे. सुती चिंध्या गॅरेजमध्ये आणि यंत्रशाळांत पुसण्यासाठी किलोने जातात. लोकरीचे कपडे हरियाणातील पानिपतला पोहोचले, तर तेथे ते फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते आणि त्याच्या घोंगड्या होतात.

जरीच्या साड्यांबाबत घाई करू नये. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो; अशा जुन्या साडीचे वस्त्र जीर्ण झाले तरी धातूला किंमत राहते. अलीकडची बहुतेक जर तांब्याची किंवा प्लास्टिकच्या पट्टीची असते, तिला ती किंमत नाही. दारावरच्या भावात साडी देण्यापूर्वी ओळखीच्या सराफाकडून किंवा जरीच्या व्यापाऱ्याकडून पारख करून घ्यावी आणि दोन ठिकाणी भाव विचारावा. ज्या साड्या ठेवायच्या त्या सुती कापडात गुंडाळून दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटते. रेशमाच्या प्रश्नावर अनेक घरांत मतभेद असतात. एका साडीसाठी हजारो कोष उकळले जातात, म्हणून काहींनी रेशीम सोडले आहे. काही हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी रूढ केलेल्या, पतंग बाहेर पडल्यावर काढलेल्या अहिंसा रेशमाकडे वळले आहेत. घरात असलेली आईची पैठणी नेसावी की नाही याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. ती असताना दुसरी विकत घेण्याचे कारण मात्र कोणत्याही बाजूने सापडत नाही.

खरा आर्थिक लाभ या सगळ्या जाण्यात नाही; तो नव्याने न येण्यात आहे. कपाट रिकामे करून सहा महिन्यांत पुन्हा भरणारी घरे थोडी नाहीत, आणि त्यांनी फक्त मालाची उलाढाल वाढवली असे म्हणावे लागेल. समजा, एका कुटुंबाचा वर्षाचा कपड्यांचा खर्च ६०,००० रुपये आहे आणि तो निम्म्यावर आला. महिन्याला २,५०० रुपये वाचले. ते दहा वर्षे नियमाने ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर सव्वाचार लाखांहून अधिक होतात. लग्नाची खरेदी क्रेडिट कार्डावर करून थकबाकी पुढे ढकलणाऱ्या घरात हा लाभ आणखी मोठा आहे, कारण त्या थकबाकीवर बहुतेक बँका महिन्याला साधारण तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के आकारतात. इतके व्याज देऊन कोणताही शहाणा व्यापारी दुकानात माल भरणार नाही. वाचलेली रक्कम प्रथम अशा कर्जाकडे वळवावी. कर्ज नसेल तर तिला नाव द्यावे, मुलीचे शिक्षण म्हणा, औषधपाणी म्हणा; निनावी बचत पुढच्या सेलमध्ये जाते. आणि साडी न घेण्याचा निर्णय जर श्राविकेने घेतला असेल, तर ती रक्कम तिच्या नावावरच्या खात्यात, तिच्या सहीने चालणाऱ्या खात्यात जावी. तिची बचत घरखर्चात विरून गेली, तर पुढच्या वर्षी तिने तो नियम का पाळावा?

आहेराचा प्रश्न एका घराने सुटत नाही. दोन-चार नातेवाईक कुटुंबांनी मिळून एकमेकांत साडी-शर्टपीसची देवाणघेवाण बंद ठरवली आणि त्याऐवजी पाकीट किंवा नवदांपत्याच्या नावाने ठेव द्यायची असे केले, तर कोणालाही कमीपणा येत नाही. हे बोलणे लग्न ठरण्याआधी व्हावे लागते. बस्ता बांधून झाल्यावर केलेली सूचना टोमणा ठरते.

शेवटी एक कपाट असे असते की जे मोजायला हात धजत नाही. गेलेल्या माणसाचे. काही घरांत ते वर्षानुवर्षे कुलूपबंद राहते, आणि उघडते तेव्हा आतील धोतरे घडीवर विरलेली, शालीला कसर लागलेली असते. येथे घाई करणाऱ्या नातेवाइकाला दूर ठेवावे, पण काळही मोकाट सोडू नये. मुला-नातवंडांनी एकत्र बसून प्रत्येकाने एकेक वस्त्र निवडावे. घड्याळ, पूजेचा धोती-दुपट्टा, रोजची शाल असे काही घरात राहते. बाकीचे चांगल्या स्थितीत असतानाच धुऊन, घडी घालून द्यावे. थंडीचे कपडे असतील तर कार्तिकाच्या आत, म्हणजे ज्याच्या अंगावर ते जातील त्याला ते त्याच हिवाळ्यात उपयोगी पडतील.